एज्राच्या झबल्यावरचा आल्याचा तुकडा

अर्लिनचा ब्लॉग मी काढून दिला. नाव तिचं, लिखाण तिचं. मी फक्त खातं उघडलं, रंग निवडले आणि कोपऱ्यात भेटी मोजणारा नकाशा बसवला. कुणी ब्लॉग उघडला की तो ज्या देशातून, ज्या शहरातून उघडला तिथे लाल ठिपका उमटायचा. तो नकाशा अर्लिनला फार आवडला. मलाही. अभियांत्रिकी शिकून गावात चार संगणकांचं दुकान टाकलेल्या बाईला असं काही बसवायला रोज मिळत नाही.

हे दोन हजार नऊ सालचं. आमचं गाव पानाय बेटावर, इलोइलो शहरापासून जीपनीने तासाभरावर, समुद्राला लागून. दर तिसऱ्या घरातला पुरुष जहाजावर. अर्लिनचा नवरा जुनरे मालवाहू जहाजाच्या इंजिनावर होता. त्यांचा मुलगा एज्रा पाच महिन्यांचा असताना तो गेला, तो पुढच्या मार्चमध्ये परतणार होता. तोवर अर्लिन सासूकडे, म्हणजे माझ्या शेजारी. आमच्या मागच्या ओट्यांमध्ये बांबूचा एक कुड तेवढा होता. त्यांच्याकडे झाकण पडलं की माझ्याकडे कळायचं कशावरचं पडलं ते.

"मानांग, ब्लॉग काढायला किती वेळ लागतो?" एज्राला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेत तिने मला, तिच्या मानांगला म्हणजे ताईला, विचारलं होतं.

"दहा मिनिटं. लिहायला किती लागतो ते तुझं तू बघ."

"जुनरे बंदरावर उतरला की वाचेल. आणि आमच्या पाळकांच्या बायको म्हणतात, देवाने रोज काय दिलं ते लिहून ठेवावं. नाहीतर माणूस विसरतो."

अर्लिन बॉर्न अगेनवाली, म्हणजे कॅथलिक नसलेल्या नव्या ख्रिस्ती पंथातली. हार्डवेअरच्या दुकानावर वरच्या मजल्यावर त्यांची प्रार्थना व्हायची, ढोल-गिटारीसकट. सासू नानाय पुरिंग पक्की कॅथलिक, तीस वर्षं पोरांना धर्मशिक्षण देणारी, मलाही दिलेली. तरी सासूसुनेचं बरं चाललं होतं. स्वयंपाकात दोघींचा हात सारखा खारट.

भांडण एकाच गोष्टीवरून. अर्लिन आणि जुनरे यांचं लग्नाआधीच ठरलं होतं की मुलाला तान्हेपणी बाप्तिस्मा द्यायचा नाही. मोठा झाला की तो आपलं आपण ठरवेल, आणि ठरवलं तर समुद्रात उभा राहून घेईल. एज्रा दोन महिन्यांचा असताना दोघांनी हार्डवेअरच्या दुकानावर सगळ्यांसमोर तसा शब्द दिला. जुनरेने तो मोठ्याने दिला, हे अर्लिन मला पुनःपुन्हा सांगायची.

नानाय पुरिंगच्या हिशेबी मात्र बाप्तिस्मा न झालेलं बाळ म्हणजे दार उघडं टाकलेलं घर. आमच्या पानाय बेटावर अस्वांग फिरतो. दिवसा माणूस, अंधार पडला की तान्ह्या बाळाच्या वासावर येणारा. हसणारे हसतात, पण सांजवेळी पोर घेऊन बाहेर पडत नाहीत. नानाय रोज एज्राच्या झबल्याला आतून आल्याचा तुकडा टाचणीने लावायची, खिडकीच्या चौकटीवर मीठ टाकायची, मनगटात लाल-काळे मणी बांधायची. अर्लिन ते रोज काढायची.

"नानाय, टाचणी रुतेल त्याला!"

"टाचणी रुतली तर रडेल. दुसरं काही रुतलं तर रडायला राहील का?"

हे मी कुडापलीकडून सात महिने ऐकलं.

ब्लॉग सुरुवातीला साधा होता. एज्राला पहिला दात आला, त्याला मुनग्याच्या पानांची पेज आवडली, खाली एखादं वचन. वाचणाऱ्या म्हणजे तिच्या प्रार्थनेतल्या बायका, हाँगकाँगला घरकाम करणारी बहीण, आणि परदेशात पांगलेले आमचेच लोक. नकाशावर दुबई, सिंगापूर, कुठलं तरी नॉर्वेचं बंदर असे ठिपके पडायचे. ती बोट ठेवून म्हणायची, "हा जुनरे असेल."

मग सप्टेंबरच्या शेवटी, एका रविवारनंतर, नानायने आल्याचा तुकडा लावणं सोडलं.

सोमवारी नाही. मंगळवारी नाही. गुरुवारी नानायने मणी आपल्या हाताने काढून देव्हाऱ्याच्या खणात ठेवले. खिडकीवरचं मीठ पुसलं. अर्लिन तर हरखूनच गेली. शुक्रवारी दुकानात येऊन तिने लांबलचक लिहिलं: मी सहा महिने या एका गोष्टीसाठी प्रार्थना केली, आणि बघा, कुणीही न भांडता देवाने माझ्या सासूचं मन बदललं. भीती गेली, विश्वास आला. माझ्या घरात शांती आहे.

खाली चाळीस बायकांनी आमेन म्हटलं. एकेचाळीसावं उत्तर निनावी होतं, आमच्याच हिलिगायनोन भाषेत:

"तिची भीती गेली म्हणतेस. का गेली ते विचारलंस का?"

दुसऱ्या दिवशी अर्लिन आली ती थेट त्या ओळीवर बोट ठेवून. "मानांग, हे काय आहे?"

मी ओळ वाचली. मी नानायचीच विद्यार्थिनी. बाळाला धोका असेल आणि पाद्रे जवळ नसेल, तर कुणीही, अगदी शेजारणीनेही, डोक्यावर पाणी ओतून पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही तीन नावं घेतली तरी बाप्तिस्मा होतो, हे मला तिनेच शिकवलेलं. ज्या बाईने सात महिने टाचणी सोडली नाही ती एका रविवारात का सोडेल?

माझा चेहरा बोलला.

"पाणी घातलं," अर्लिन म्हणाली. "माझ्या पाठीमागे त्याच्या डोक्यावर पाणी घातलं त्यांनी."

"इंदाय, पोरी, कुणीतरी उगाच काडी लावली असेल."

"मग त्या आल्याचा तुकडा का लावत नाहीत?"

मी दुसरीकडून गेले. "तुमच्या हिशेबाने तान्ह्या पोराच्या बाप्तिस्म्याला अर्थच नाही ना? मग समज, आंघोळ घातली."

"पाण्याचं नाही गं, मानांग. तो माझा मुलगा आहे. मी शब्द दिलाय की तो स्वतः ठरवेल. मी बाजारात मासे घ्यायला गेले, तेवढ्यात कुणीतरी त्याच्यासाठी ठरवून टाकलं. आणि संध्याकाळी मी तेच मासे तळून त्यांना वाढले." तिने त्या ओळीवरचं बोट उचललं. "हे झालं असेल तर मी त्या घरात राहणार नाही. एज्राला घेऊन माझ्या आईकडे जाईन. जुनरे आला की त्याने ठरवावं कुठे यायचं ते."

हे ती चिडून म्हणाली नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली.

पंचाईत अशी की पाणी वाळतं. पाठीमागे काही ठेवत नाही. तरी अर्लिन पुरावा शोधायला लागली. बाजारातून आली की एज्राच्या टाळूचा वास घ्यायची. झबली मोजायची. कुणाच्या घरी मेणबत्ती लागली, कुणी पांढरे कपडे धुतले, याच्यावर नजर. नानायच्या देव्हाऱ्यात पवित्र पाण्याची एक सरबताची बाटली असायची. अर्लिनने तिच्यावर पेनाने बारीक रेघ मारली. चार दिवसांनी पाणी रेघेच्या दोन बोटं खाली. ती धापा टाकत माझ्याकडे आली.

चौकशी केली तेव्हा कळलं की नानायच्या भाच्याने भाड्याने चालवायला नवी ट्रायसिकल घेतली होती. दोन बोटं पाणी आशीर्वाद म्हणून तिच्या चाकांवर गेलं होतं.

"ट्रायसिकलला बाप्तिस्मा मिळाला तर," मी म्हटलं.

अर्लिन हसली नाही.

"ते निनावी कुणाचं ते काढ. तुला येतं ना काढता?"

मी नोंदी उघडल्या. त्या दिवशी पन्नासेक भेटी होत्या. इलोइलोच्या बारा.

"ह्या बारातलंच कुणीतरी. बाकी सोड," ती म्हणाली. "जिला कळलं ती गावातलीच. नॉर्वेतल्या माणसाला आमचा देव्हारा कसा दिसणार?"

पटण्यासारखंच होतं. मीही बाकीचं सोडलं. तसंही सगळ्या गावाची जोडणी शहरातून यायची, त्यामुळे बारापैकी कोण कुठल्या घरचं ते काही कळणार नव्हतं.

मग तिने स्वतःच गळ टाकला. ब्लॉगवर लिहिलं की ती एज्राला घेऊन महिनाभर डोंगरात माहेरी जाणार आहे. खोटंच. घरात एक शब्द बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरची तिया लिंगलिंग, जी कपडे शिवते आणि तोंडही चालवते, माझ्या ओट्यावर येऊन कुडावरून डोकावली. "अर्लिन, वर थंडी असते गं बाई. बाळ तोतोला कानटोपी विणून देऊ का? निळी देऊ?"

"कुठे वर, तिया?"

"अगं, डोंगरात... " लिंगलिंगने जीभ चावली. मग तिने सांगून टाकलं. तिची मुलगी शुक्रवारी ब्लॉग उघडते आणि शिवायला बसलेल्या सातआठ जणींना वाचून दाखवते. "छान लिहितेस हो. ती पेजेची गोष्ट तर आम्ही दोनदा ऐकली. मीठ कमी घालतेस एवढंच."

"निनावी तुम्ही लिहिलंत?"

"मी? मला बटण लावता येतं, दाबता येत नाही."

अर्लिनने तिच्यावर विश्वास ठेवला नाही. तिच्या मुलीवरही नाही. तिने कुणावरच ठेवायचं सोडलं होतं. माझ्याकडेही ती हल्ली जरा थांबून बघायची. मी कॅथलिक, मी शेजारीण, माझ्या ओट्यावर नळ. एकदा तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "मानांग, त्या रविवारी तू कुठे होतीस?" मी चर्चमध्ये होते. तेही तिला बरं वाटलं नाही.

शेवटी तिने परीक्षा घेतली. अंधार पडता पडता, नानाय ओट्यावर मासे साफ करत असताना, ती एज्राला उघड्या डोक्याने घेऊन समुद्राच्या रस्त्याला निघाली. एक महिन्यापूर्वी नानाय झाडू घेऊन दारात आडवी झाली असती. मी कुडामागून ऐकत होते.

"डास आहेत," नानाय म्हणाली. "पाय झाक त्याचे."

बस, तेवढंच.

अर्लिन कोपऱ्यावरून वळून सरळ माझ्या दुकानात आली, एज्राला माझ्या मांडीवर दिलं आणि लिहीत सुटली. नाव घेतलं नाही. पण "माझ्याच छपराखाली राहणारी, माझ्याच हातचं जेवणारी एक बाई" असं लिहिलं. तिने माझ्या मुलाकडून त्याची निवड चोरली, असं लिहिलं. देव क्षमा करायला सांगतो, पण चोराने आधी कबूल करावं.

"उद्या वाच एकदा, मग टाक," मी म्हटलं.

"उद्या मी वाचणार नाही, घाबरेन."

तिने कळ दाबली. शुक्रवार होता.

शनिवारी बाजारात कोळणीने नानायला विचारलं, "काय हो, पुरिंग, सून उपाशी ठेवते की चोरून खाता?" रविवारी चर्चमध्ये मिस्साच्या वेळी तिच्या बाकावर तिच्याशेजारी एकच बाई बसली. सोमवारी दुपारी नानाय छत्री घेऊन माझ्या दुकानात आली. संगणकासमोर खुर्ची ओढून बसली, जणू डॉक्टरकडे आली आहे.

"माझ्याबद्दल जे लिहिलंय ते वाच."

"नानाय, ते..."

"तुला वाचायला मीच शिकवलंय. वाच."

मी वाचलं. तिने छत्रीची मूठ घट्ट धरली होती. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "चोर म्हणाली?"

"हो."

"बरं." ती उठली. दारापाशी थांबून तिने विचारलं, "हे जहाजावर वाचता येतं?"

"बंदरावर उतरले की येतं."

"मग त्याने वाचलं असेल," ती म्हणाली आणि गेली.

संध्याकाळी कुडापलीकडे ते झालंच. मी मध्ये पडले नाही, हललेही नाही.

"नानाय, एकदाच विचारते. तुम्ही एज्राच्या डोक्यावर पाणी घातलं?"

"नाही."

"मग घाबरायचं का थांबलात?"

सुरीचा आवाज येत राहिला.

"नानाय!"

"तुझ्या नवऱ्याला विचार."

"जुनरेला काय विचारू? तो जहाजावर आहे!"

"नेहमीच जहाजावर नव्हता." सुरी ठेवल्याचा आवाज आला. "आणि हे बघ, इंदाय. असं घरी पाणी घातलं की बाळ बरं झाल्यावर चर्चमध्ये नेऊन बाकीचं करून घ्यायचं असतं. पाद्रे तेल लावतो, वहीत नाव घालतो. महिना झाला मला कळून. मी रोज त्याला मांडीवर घेऊन बसते, चर्च दोनशे पावलांवर आहे. मी नेलं नाही. तुला न विचारता नेलं असतं, तर तू लिहिलंस ते खरं झालं असतं."

पाचच मिनिटांत अर्लिन दुकानात होती. चेहरा पांढरा. "ते निनावी उत्तर आलं त्या दिवसाच्या नोंदी काढ. सगळ्या. इलोइलो सोडून."

मी काढल्या. हाँगकाँग, दुबई, सिंगापूर. त्यात ब्राझीलची एक. सांतोस बंदर. उत्तर आलं त्याच मिनिटाची. महिनाभर ती ओळ माझ्या पडद्यावर होती आणि आम्ही दोघी गावातल्या बारांची नावं घेत बसलो होतो.

"जहाज तेव्हा कुठे होतं?" मी विचारलं, उत्तर माहीत असून.

"सांतोसला," ती म्हणाली. "साखर भरत होते."

जुनरेचा फोन तीन दिवसांनी आला. तिने तो माझ्या दुकानातच घेतला, कारण घरी सासू होती. मला बाहेर जा म्हणाली नाही. आवाज मोठा ठेवला होता. मला वाटतं, तिला साक्षीदार हवा होता.

एज्रा तीन महिन्यांचा असताना त्याच्या छातीत कफ भरला होता, शहरातल्या इस्पितळात चार दिवस होता, हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते एवढंच, की दुसऱ्या दिवशी अर्लिन खाली औषधं आणायला गेली आणि रांगेत अर्धा तास अडकली.

"त्याचे ओठ निळे झाले होते," जुनरे म्हणत होता. "नर्स धावत गेली डॉक्टरला आणायला. मी एकटा होतो. मला दुसरं काही येत नव्हतं, अर्लिन. इंजिन असतं तर उघडलं असतं. पिण्याच्या पाण्याची बाटली होती, ती ओतली."

"मी आले तेव्हा त्याचं डोकं ओलं होतं," अर्लिन म्हणाली. "तू म्हणालास, घाम आलाय."

"हो."

"मी तो घाम पुसला."

तिने फोन दुसऱ्या हातात घेतला.

"आईला कधी सांगितलंस?"

"सप्टेंबरात. दर फोनला रडायची, अस्वांग, अस्वांग. शेवटी म्हटलं, झालंय ते, आता आल्याचा तुकडा लावू नकोस, अर्लिनला सांगू नकोस. मला वाटलं, संपलं. मग तू ते लिहिलंस, देवाने ऐकलं म्हणून. चाळीस जणींनी आमेन म्हटलं. ते वाचून मला जेवण गेलं नाही."

"म्हणून नाव न घालता लिहिलंस."

"वाटलं, तू आईला विचारशील, आई सांगेल."

"तिने नाही सांगितलं. तिने माझ्याकडून चोर म्हणवून घेतलं. तू वाचलंस ना ते?"

"वाचलं."

"कधी?"

"शनिवारी."

"आज गुरुवार आहे, जुनरे."

माझ्या मागे एक खेळणारा पोरगा हेडफोन काढून ऐकत होता. मी त्याचा संगणक बंद केला आणि त्याला बाहेर घालवलं.

"तू मला विचारायला हवं होतंस," अर्लिन म्हणाली.

"तू नाही म्हणाली असतीस."

"माहीत नाही," ती हळूच म्हणाली. "त्याचे ओठ निळे झालेले मी पाहिलेच नाहीत. काय म्हणाले असते, ते तू मला आता कधीच कळू देणार नाहीस." मग तिने विचारलं, "त्याला नाव काय दिलंस? कुठल्या संताचं?"

"एज्रा. दुसरं सुचलंच नाही."

फोन संपला. मी कॉफी दिली, ती प्यायली नाही. मग तिने नवं लिहिलं, सात ओळी. माझ्या सासूवर मी जो आळ घेतला तो खोटा होता. त्यांनी काहीही केलं नाही, आणि काही न करणं त्यांना फार जड गेलं असणार. ज्यांनी तो आळ वाचला त्यांनी हेही वाचावं, आणि शुक्रवारी ज्या वाचून घेतात त्यांनी मोठ्याने वाचून घ्यावं. पण कुणी केलं ते लिहिलं नाही.

तासाभरात विचारणा सुरू झाल्या. मग कोण? शेजारीण का? पाद्रे का? प्रार्थनेतल्या एकीने लिहिलं, बहिणी, अंधारातलं उजेडात आण. लिंगलिंग तर प्रत्यक्षच आली, हातात निळी कानटोपी.

"घे, विणून झाली होती. मग कुणी गं?"

"तिया, टोपी छान आहे."

"ती तर आहेच."

शनिवारी संध्याकाळी अर्लिन मला म्हणाली की ब्लॉग सगळ्यांसाठी बंद करायचा, ज्यांना बोलावू त्यांनीच वाचायचा. तसं करता येतं. नावं आणि ईमेल घालावे लागतात. मी यादी करायला बसले. तिने बहिणीचा सांगितला. पाळकांच्या बायकोचा सांगताना जरा अडखळली, पण सांगितला. लिंगलिंगच्या मुलीचा नाही.

"नानाय म्हणाल्या, त्यांना वाचायचं आहे," ती म्हणाली.

"तिच्याकडे ईमेल कुठला?"

"मग तू छापून दे. मोठ्या अक्षरात. पैसे मी देईन."

"आणि चर्चमध्ये न्यायचं काय? बाकीचं करायला?"

"त्यांनी विचारलं काल. सरळ विचारलं. मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि भात वाढला." तिने एज्राच्या तोंडातून माझ्या संगणकाची वायर काढून घेतली. "माहेरी जात नाहीये मी, मानांग. निदान मार्चपर्यंत नाही. मार्चमध्ये तो त्या हार्डवेअरच्या दुकानावर उभा राहून सगळ्यांना सांगेल. जसा शब्द दिला तसा, मोठ्याने. मग बघू."

मी यादी पुन्हा वाचून दाखवली. पाच नावं झाली होती.

"जुनरेचा ईमेल राहिला," मी म्हटलं.

तिने पडद्याकडे बघितलं. कोपऱ्यातल्या नकाशावर अजून सांतोसचा ठिपका होता, आणि आज सकाळचा एक, आफ्रिकेच्या टोकाला.

"राहू दे," ती म्हणाली. "एज्राने काय खाल्लं हे त्याला कळायचं असेल तर फोन करून विचारू दे."

मी जतन केलं. पान क्षणभर कोरं झालं आणि मग परवानगी मागायला लागलं.